धावणाऱ्यांची पंगत

मी धावायला लागले ती तब्येतीसाठी नाही, रागापायी. अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर आम्ही सात-आठ जणी सकाळी फिरायला जायचो. फिरणं कमी आणि चौकशा जास्त. माझ्या पोरीचं जमलं का कुठे, नोकरी बंगलोरलाच राहणार का, एवढी शिकलेली पोरगी म्हणजे मुलगा भेटणं कठीणच ना. एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं, माणसानं ऐकावं तरी किती? एका सकाळी मी हो-हो म्हणता म्हणता पाय उचलले आणि त्यांच्या पुढे निघाले. मागून कोणीतरी म्हणालं, "अवो, थांबा न, गोठ तर पुरी होऊ द्या." मी आणखी जोरात निघाले. चढावर दम लागला, पोटऱ्या भरून आल्या, पण मागचा आवाज बंद झाला होता. तेवढी शांतता मला कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धावले.

माझं वय तेव्हा पन्नाशीला आलेलं. मी शाळेत गणित शिकवते. आवाज मोठा आणि राग नाकावर, हे दोन्ही नोकरीत लागलं असं माझा नवरा लोकांना सांगतो. ते खरं नाही. राग मी माहेराहून, अकोल्याहूनच सोबत आणला होता. धावण्यानं तो कमी झाला नाही, पण त्याला निदान काहीतरी काम मिळालं.

पुढे शहरातल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपात शिरले. सगळ्यांत मागे मीच. रविवारी आम्ही वलगावच्या रस्त्यानं लांब जायचो. त्याच रस्त्यावर पुढे माझं सासरचं गाव आहे. नवऱ्याची नोकरी अमरावतीला लागेपर्यंत मी तिथेच राहिले होते, त्यामुळे त्या रस्त्यावरचं प्रत्येक माणूस मला ओळखतं.

आता वऱ्हाडात बाईमाणसानं रस्त्यानं धावणं सोपं नाही, आणि कोणी वाईट वागतं म्हणून नाही. सगळे फार चांगले वागतात, हीच पंचाईत. दर दोन किलोमीटरवर एक मोटरसायकल थांबणार.

"काकू, बसा. कुठी जा लागते?"

"कुठीच नाई."

"मंग धावून काहून राहिल्या?"

मी हात हलवून पुढे जायची. एका टेम्पोवाल्याला तर माझ्या नाही म्हणण्याचा इतका राग आला की तो गाडी हळू करून बराच वेळ माझ्या बाजूनं चालवत राहिला आणि विचारत राहिला, आमच्या गाडीत काय काटे हायेत काय.

एकदा गावातल्या कोणीतरी मला धावताना पाहिलं आणि घरी फोन केला की तुमची धाकटी सून डांबरी रस्त्यानं पळत चालली आहे, एकटीच आहे, हातात पिशवीसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत माझे भासरे मोटरसायकल घेऊन हजर. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी कधी समोर पाहून बोललेला नाही. आमच्याकडची रीतच तशी. शेताकडे पाहत त्यांनी विचारलं, "घरी काही झालं का?"

मी म्हटलं, काही नाही झालं, व्यायाम आहे. त्यांनी मान हलवली, पण परत गेले नाहीत. मी धावत राहिले आणि ते पहिल्या गिअरमध्ये माझ्या मागे, थेट शहराच्या नाक्यापर्यंत. लोक काय समजले असतील देव जाणे.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे भासऱ्यांची बायको, माझी थोरली जाऊ. त्या घरात त्या माझ्याआधी आल्या आणि आजही घर त्यांच्याच आवाजावर चालतं. मी आल्या दिवसापासून त्यांना बाईच म्हणते.

"कोणी मांगं लागलं होतं का तुया?" बाईंनी विचारलं.

"नाई बाई. असंच. बरं वाटते."

"बरं वाटाले येवढं लागते का? इकडं ये. तुरी सोंगाच्या हायेत, कापू लाग."

बाईंचं बोलणं हे असं. पुण्याची माझी एक मैत्रीण एकदा गावी आली होती, तिला वाटलं बाई भांडतायत. मला मात्र राग आला तो वेगळ्याच कारणानं. उत्तर मला खरंच सुचलं नव्हतं.

पहिली पूर्ण शर्यत, बेचाळीस किलोमीटरची, मी अकोल्याला धावले. अमरावतीतही झाली असती, पण माहेरच्या गावात काहीतरी करून दाखवावं ही हौस पन्नाशीतही जात नाही. महिनाभर आधी मी भावाला सांगितलं, भावानं गल्लीला सांगितलं. आणि व्हायचं तेच झालं. शेवटचे पाचसहा किलोमीटर राहिले असताना दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. उभं राहता येईना, बसता येईना. अशा शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक जीप येत असते. दिलेल्या वेळेत जे पोहोचणार नाहीत त्यांना ती उचलत येते. आमच्या ग्रुपात तिला झाडूगाडी म्हणतात. ती माझ्याजवळ थांबली. आतला पोरगा अदबीनं म्हणाला, "मॅडम, बसून घ्या." मी बसले.

शेवटच्या कमानीजवळ भाऊ हार घेऊन उभा. मी जीपमधून उतरले तसा त्यानं तो माझ्या गळ्यात घातला आणि फोटोही काढला. गल्लीतल्या एक म्हाताऱ्या काकू पुढे आल्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "पयली आली का व माय? गाडीनं आणलं, म्हून इचारतो." त्यांना वाटलं, जी पहिली येते तिला मानानं गाडीत बसवून आणतात.

मी म्हटलं, "नाई काकू. धावता नाई आलं, म्हणून गाडीत टाकून आणलं."

"असू दे," त्या म्हणाल्या. "आली न घरी."

भावाच्या न्हाणीघरात नळ मोठा सोडून मी पोटभर रडले. पायांसाठी नाही रडले. पाय दुखतात आणि दुखायचे थांबतात. त्या पोरानं बसा म्हटल्याबरोबर मी बसले, एकदाही नाही म्हटलं नाही, याचं मला रडू येत होतं. वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, आणि कोणा पोराच्या एका शब्दावर जीपमध्ये जाऊन बसले.

बाईंचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. जीपचं, हाराचं, काकूंचं. वाटलं होतं, आता ऐकवतील. पलीकडून नुसतं "हूं" आलं. मग म्हणाल्या, "पायाले तेल लाव," आणि फोन ठेवला.

त्यानंतरचं वर्ष मला एकाच गोष्टीसाठी जगल्यासारखं आठवतं. ज्या पायांनी निघायचं त्याच पायांनी परत यायचं. गाडीत बसायचं नाही. पहिलं-दुसरं येणं माझ्या नशिबात नव्हतं आणि मला ते नकोही होतं. मे महिन्यात पहाटे उठावं तर घराच्या भिंतीसुद्धा गरम. पावसाळ्यात कडेची काळी माती बुटांना अशी धरायची की बूट उचलताना हुंदका यावा. एकदा पुलावर पडले, गुडघा फुटला, शाळेत महिनाभर पोरं पट्टीकडे पाहून हसत होती. कंटाळा आला नाही असं नाही. कितीतरी सकाळी मी पलंगाच्या काठावर एक बूट घालून नुसती बसून राहिले आहे. पण दुसराही घातला, एवढं माझ्या पदरात आहे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी तेव्हा जागं नसायचं.

मग कळलं की त्या हिवाळ्यात अमरावतीची शर्यत वलगावच्या रस्त्यानं होणार. आमच्या सासरच्या गावावरून पुढे जायचं आणि वळून पुन्हा तिथूनच परत यायचं. वाटेतल्या गावांनी पाण्याची सोय करावी अशी शर्यत भरवणाऱ्या मंडळींची इच्छा होती. आमच्या गावाचं माझ्याकडे लागलं. मी बाईंना फोन केला.

"बाई, धावणारे दोनदा आपल्या गावातून जातीन. जातानी अन् येतानी. शाळेसमोर टेबल टाकून पाणी ठेवलं, संत्र्याच्या फोडी अन् केळाचे तुकडे ठेवले तरी लय झालं."

"किती लोक?"

"असतीन शंभर-दीडशे."

"बाहीरगावचे?"

"नागपूर, यवतमाळ, अकोला, कुठकुठचे."

बाईंनी गावांची नावं एकदा स्वतःशी म्हणून पाहिली. मग म्हणाल्या, "अन् आपल्या गावात येऊन केयाचे तुकडे खातीन?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी माझ्याच पायांच्या काळजीत. मी म्हटलं, हो बाई, तेवढंच लागते, आणि दुसऱ्या कामाला लागले.

शर्यतीच्या दिवशी अंधारातच निघालो. थंडी अशी की बोटं कळत नव्हती. नवरा माझ्याही आधी घरातून गेला होता, कुठे ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, वाटेत उभा राहून फोटो काढायचा विचार असेल. वलगाव मागे पडलं, उजाडलं, दोन्हीकडे हरभरा आणि कापसाची उभी पऱ्हाटी दिसायला लागली. आमच्या गावाच्या अलीकडे मला धुराचा वास आला. गोवऱ्यांचा धूर.

शाळेच्या पटांगणात गोवऱ्यांचे लांबच लांब हार पेटले होते. रोडगे भाजायची तयारी. एका बाजूला मोठ्या गंजात वरण, दुसरीकडे कढईत वांग्याची भाजी. अर्धं गाव कामाला लागलेलं. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, विस्तवात भाजायचे, फोडून तूप घालायचं आणि वरणासोबत खायचे. आमच्याकडे पाहुण्याला मान द्यायचा तर हेच जेवण. आणि त्या धुरात बाह्या वर करून, डोळे पुसत, कणीक मळत बसलेला माझा नवरा. मला पाहून त्यानं मान खाली घातली.

बाई रस्त्याच्या कडेला आल्या. "येतानी थांबजो. पयली पंगत धरली हाय."

"बाई, शर्यत हाय," मी धावता धावता म्हटलं.

"हाव न. जाय, ये जाऊन."

बाईंच्या हिशोबानं त्यात काही अडचण नव्हती. तालुक्याला काम असतं, माणूस जातं, येतं, जेवतं.

गावाच्या पुढे वळणापर्यंतचा रस्ता आणि तिथून परत, सगळा मी याच विचारात कापला. थोड्या वेळानं पुढचे धावणारे समोरून परत येऊ लागले. काटक पोरं, वाऱ्यासारखी निघून जात होती. नंतर मधले आले, त्यातले एक ओळखीचे डॉक्टर धावता धावता ओरडले, "मॅडम, मागच्या गावात लग्न आहे वाटतं. परतताना जेवूनच जा म्हणून हात धरून राहिले होते."

माझ्याजवळ वेळ किती आहे ते मला पक्कं माहीत होतं. गणिताची बाई आहे मी. थांबले नाही आणि चालले नाही, तर वेळेत पोहोचत होते. वर उरत होतं ते फारच थोडं. पंगतीला बसून जेवण्याइतकं तर नाहीच. पण न थांबता गेले तर? गावानं पहाटेपासून चूल पेटवली ती कोणासाठी? पुढची पोरं रोडगे व्हायच्या आधीच निघून गेलेली. आता आपल्याच घरची सून, जिच्या फोनवरून हे सगळं उभं राहिलं, ती बाईंनी वाढलेल्या पानाकडे न पाहता निघून गेली, हे उभ्या गावात बाईंनी कसं सोसायचं? मला स्वतःचा राग आला, गावाचा राग आला, रोडग्यांचा राग आला. मागे वळून पाहिलं तर लांबवर झाडूगाडीचे दिवे.

गावात शिरले तर भासरे रस्त्याच्या मध्ये उभे. हात जोडलेले, आणि चक्क माझ्याकडे पाहत होते.

"चला," ते म्हणाले. "पान वाढलं."

त्यांच्या मागे अख्खं गाव. ताडपत्रीवर पंगत बसली होती. छातीवर नंबर लावलेली आठ-दहा माणसं मांडी घालून जेवत होती. ही माझ्यासारखीच मागे राहिलेली, वासानं फसलेली. यवतमाळच्या एका गृहस्थांनी बूट काढून ओळीनं नीट ठेवले होते. त्यांची शर्यत संपली होती आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मध्ये एक पान रिकामं, म्हणजे माणूस नाही, बाकी सगळं वाढलेलं. रोडगा फोडून त्यावर तूप, बाजूला वरण, वांगं, गुळाचा खडा.

मी बसले. काय करणार? गुडघे मुडपताना तोंडातून आवाज निघाला तो सगळ्यांनी ऐकला. पहिला घास घेतला. इतका चांगला लागला की मला रडायलाच आलं. आमच्याकडे पंगतीत एकदा बसलं की सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. पान टाकून मधूनच उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर सांगणं, तुमचं अन्न गोड नाही. शेजारी यवतमाळचे गृहस्थ तिसरा रोडगा मागत होते. माझा हात पानावर तसाच थांबला.

तेवढ्यात जीप पटांगणाशी येऊन उभी राहिली आणि तिनं हॉर्न दिला.

बाई भाजी वाढत माझ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग रस्त्याकडे.

"हेच काय ते गाडी? अकोल्याची?"

"तशीच, बाई."

बाईंनी भाजीचं भांडं खाली ठेवलं. पदर खोचला. "सरक," म्हणाल्या.

मी सरकले. बाई माझ्या बाजूला, माझ्याच पानासमोर मांडी घालून बसल्या आणि पान स्वतःकडे ओढून घेतलं.

"ऊठ. माहं पान हाय आता हे."

"बाई, उष्टं हाय ते."

"दिसते मले. जाय तू."

हे काय झालं ते बाहेरच्यांना कळलं नसेल. बाई त्या घरातली थोरली. त्यांना मी इतक्या वर्षांत जेवताना पाहिलं ते चुलीजवळ, सगळ्यांचं झाल्यावर, ताट मांडीवर घेऊन. गावात कोणाचंही कार्य असो, बाई वाढणाऱ्यांत. पहिल्या पंगतीत, पुरुषमाणसांच्या आणि पाहुण्यांच्या ओळीत, त्या कधी बसल्या नव्हत्या. आणि थोरल्या जावेनं धाकटीचं उष्टं पान पुढ्यात घ्यावं, हे तर मी कुठे ऐकलंही नव्हतं. भासरे वरणाची बादली हातात धरून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे वर पाहिलं.

"पाहून काय राहिले? वाढा न."

भासरे खाली वाकले आणि त्यांनी बाईंना वरण वाढलं. बाईंनी माझ्या रोडग्याचा पुढचा घास घेतला.

मी उठले. म्हणजे उठायला गेले आणि गुडघ्यांनी ऐकलं नाही. बाईंनी डाव्या हातानं माझ्या कमरेला रेटा दिला तेव्हा उभी झाले. पाच पावलं लंगडत गेले, मग पाय सुटले. मागून बाईंचा आवाज आला, पण तो मला नव्हता. "ओ गाडीवाले भाऊ, या. दोन पानं खाली हायेत."

जीपवाले बसले असं मला नंतर कळलं. बाई बस म्हणाल्यावर न बसणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी नाही. पण म्हणून मला कोणी उगाच सूट मिळाली असं समजू नये. कमानीवरचं घड्याळ काही पंगतीला बसत नाही. ते चालूच होतं आणि त्याच्याशी माझं मलाच निपटायचं होतं.

ते शेवटचे तेरा-चौदा किलोमीटर. उन्हं वर आली होती. तोंडात तुपाची चव, पायांत पुन्हा तेच गोळे, त्याच जागी. गोळा आला की मी पोटरीवर मूठ मारायची, लंगडत चालायची, सुटला की धावायची. वलगावजवळ पुन्हा एक मोटरसायकल थांबली. "बसा काकू, सोडून देतो." मी म्हटलं, "नाई बसत." पुढे कोणी विचारलं नव्हतं तरी मी आपली म्हणत राहिले, नाई बसत, नाई बसत. अकोल्याला जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता थांबत नव्हतं. आजवर मी कोणाच्या ना कोणाच्या रागावर धावत आले होते. त्या दिवशी कोणावरच राग नव्हता, शोधून पाहिला तरी सापडेना. नुसता अभिमान होता, छाती दुखेपर्यंत. आमच्या गावाचा, आमच्या घराचा, बाईंचा, आणि का लपवू, माझाही.

कमान दिसली तेव्हा पोरं मंडपाच्या खुर्च्या गोळा करत होती. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. घड्याळ चालू होतं. मी त्याच्याकडे पाहत पाहतच खालून गेले, आणि वेळ उरला होता. थोडाच, पण माझ्या हक्काचा. एका पोरीनं गळ्यात पदक घातलं आणि विचारलं, "आजी, पाणी देऊ?" एरवी मी तिला आजी कोणाला म्हणतात ते चांगलं शिकवलं असतं. त्या दिवशी मी तिच्या खांद्याला धरून उभी राहिले आणि पाणी प्यायले.

मग नवऱ्याला फोन लावला.

"पोचली," मी म्हटलं. "वेळेत. धावत."

त्याच्यामागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, म्हणजे तिकडचं जेवण आटोपलं होतं.

"बाईंना सांगा," मी म्हटलं.

"तूच सांग. बाई अजून उठल्या नाहीत."

"कुठून?"

"पंगतीतून."

मला कळेना. तो सांगायला लागला. धावणारे जेवून उठले, जीपवाले उठले, जीप त्या सगळ्यांना घेऊन गेली. दुसरी पंगत बसली, गावातल्या माणसांची, तीही उठली. मग बायांची बसली, उठली. पत्रावळी गोळा केल्या, ताडपत्र्या झटकून घडी केल्या. एक ताडपत्री मात्र तशीच, कारण तिच्यावर बाई बसलेल्या. जेवण केव्हाच झालेलं. पुढ्यात रिकामं पान, उजवा हात उष्टा, वाळून गेलेला. बायांनी सांगून पाहिलं, भासरे दोनदा रागावले. बाईंचं एकच म्हणणं, ते जेवून कुठी उठली अजून, तिच्या पानावर बसली मी, ते पोचल्याबिगर पान उचलू कशी?

नवऱ्यानं फोन नेऊन बाईंच्या कानाशी धरला असणार. श्वास ऐकू आला.

"बाई, पोचली मी."

"पायानं?"

"पायानं."

"गाडीत नाई न बसली?"

"नाई बाई. नाई बसली."

तोंड फोनवरून वळवून बाई भासऱ्यांना म्हणालेलं मला ऐकू आलं, "पाणी आना. हात धुतो आता."